दुर्बीण बसवायची कशावर?

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

जत्रेतली फुगे फोडायची बंदूक आपण सर्वांनीच कधी ना कधी खांद्याला लावलेली असते. पाच छर्‍यांत दोन फुगे फुटले तरी धन्य वाटते. एकही फुटला नाही, तर "बंदूकच वाकडी आहे" असे म्हणून आपण पुढच्या दुकानाकडे वळतो. ही तक्रार पुष्कळदा अर्धीच खरी असते. नळी बहुधा सरळच असते. ढिली झालेली असते ती नळीच्या टोकावरची माशी, म्हणजे नेम धरायची खूण. छर्रा नळी दाखवील तिकडे जातो आणि डोळा माशी दाखवील तिकडे पाहतो. या दोघांची फारकत झाली, की फुगा वाचतो.

आज आपल्याला बोलायचे आहे ते याच फारकतीबद्दल. एअर रायफल आता पूर्वीसारखी दुर्मीळ राहिलेली नाही. गोंदियापासून डोंगरगडच्या वाटेवर, महाराष्ट्राच्या अगदी टोकाला वसलेल्या दरेकसासारख्या गावातला तरुणही ती मागवू शकतो. रायफल आली की पाठोपाठ दुर्बीण येते. दुर्बिणीच्या काचा कशा आहेत, ती किती पट मोठे दाखवते, याची खूप चौकशी होते. पण ती रायफलवर ज्या दोन कड्यांनी धरून ठेवायची, त्या माउंटची चौकशी कोणी करीत नाही. दुर्बिणीबरोबर फुकट आलेले माउंट लावले जाते आणि मग महिनोन्‌महिने छर्‍यांना दोष दिला जातो.

आधी एक प्रश्न

माउंटकडे वळण्याआधी आईवडिलांसाठी एक गोष्ट सांगायला हवी. मुलाला किंवा मुलीला स्पर्धेतली नेमबाजी शिकायची असेल, तर दुर्बीण घेऊच नका. ऑलिंपिकमधल्या रायफल प्रकारांत भिंगाची दुर्बीण चालत नाही. तिथे डोळ्याजवळ बारीक भोकाची चकती आणि नळीच्या टोकाशी एक वर्तुळ असते, आणि त्या दोन्हींतून लक्ष्याचा काळा ठिपका मध्यभागी आणायचा असतो. १० मीटर एअर रायफलच्या लक्ष्यावर दहा गुणांचा ठिपका अवघा अर्धा मिलिमीटरचा असतो, आणि नेमबाज तो नुसत्या डोळ्याने साधतात. २००० साली सिडनीत अंजली भागवत आणि २००४ साली अथेन्समध्ये सुमा शिरूर अंतिम फेरीत पोहोचल्या, त्या याच पद्धतीने. ठाण्याचा रुद्रांक्ष पाटील २०२२ मध्ये कैरोला १० मीटरचा जगज्जेता झाला, तोही असाच. कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या आणि रेल्वेत नोकरी करणार्‍या स्वप्निल कुसाळेने १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिसमध्ये ५० मीटरवर कांस्यपदक मिळवले, तेव्हा त्याच्याही रायफलवर दुर्बीण नव्हती. दहा मीटरचे अंतर शाळेच्या पडवीत किंवा रिकाम्या गोदामातही मावते. पदकाचे स्वप्न असेल, तर त्याची सुरुवात तिथून होते.

मग दुर्बीण कोणासाठी? लांब पल्ल्यावर, म्हणजे पंचवीस, पन्नास किंवा त्याहून जास्त मीटरवर कागदी किंवा पत्र्याच्या लक्ष्यावर छर्रा टिपण्याचा ज्यांना छंद आहे, त्यांच्यासाठी. इंग्लंडमध्ये गेल्या शतकाच्या ऐंशीच्या दशकात 'फील्ड टार्गेट' हा खेळ रुजला. त्यात साधारण ८ ते ५० मीटरवर पत्र्याची लक्ष्ये उभी असतात आणि त्यांतल्या लहानशा गोल भागावर छर्रा लागला तरच ती पडतात. अमेरिकेत तर मेजावर रायफल टेकवून १०० यार्डांपर्यंतच्या स्पर्धा होतात. या सगळ्या खेळांत दुर्बीण लागते, आणि दुर्बिणीला माउंट लागतेच.

केसाचे गणित

माउंट म्हणजे काय, तर रायफलच्या पाठीवरच्या पट्टीला खालून पकडणारी आणि दुर्बिणीला वरून मिठी मारणारी कडी. दोन कडी असतात, एक पुढे आणि एक मागे. त्यांच्यात अंतर साधारण दहा सेंटिमीटर. आता समजा, मागचे कडे एक दशांश मिलिमीटरने वर सरकले. दहा सेंटिमीटरमध्ये एक दशांश मिलिमीटर, म्हणजे एक हजारांश. हेच प्रमाण पुढे लक्ष्यापर्यंत जाते. ५० मीटरचा एक हजारांश म्हणजे ५ सेंटिमीटर. माणसाचा केस साधारण सात शतांश मिलिमीटर जाड असतो. म्हणजे कड्याखाली एक केस अडकला, तरी पन्नास मीटरवर साडेतीन सेंटिमीटरचा फरक पडला. फील्ड टार्गेटमधला सर्वांत मोठा लक्ष्यभाग चार सेंटिमीटर व्यासाचा असतो. त्याच्या मधोमध धरलेला नेमही त्या एका केसाने बाहेर जातो.

दुर्बीण कितीही महाग असो, ती दाखवते ते तिच्या स्वतःच्या रोखाने. नळीचा रोख तिला ठाऊक नसतो. दोघांना एकत्र बांधून ठेवण्याचे काम माउंटचे. दरेकसाच्या घाटातून मोठमोठ्या मालगाड्या जातात, पण त्यांचा भरवसा रुळाच्या सांध्यांवर आणि त्या सांध्यांच्या बोल्टवर असतो. दुर्बिणीचेही तसेच आहे.

नेमाची साधने किती नाजूक असतात याची मोठी साक्ष म्हणजे बीजिंग. ११ ऑगस्ट २००८ रोजी अभिनव बिंद्राने देशाला पहिले वैयक्तिक सुवर्णपदक मिळवून दिले. त्या दिवशी अंतिम फेरीआधीच्या सरावाच्या गोळ्यांत आपला नेम पार सरकल्याचे त्याला आढळले, हे त्याने आत्मचरित्रात सांगितले आहे. त्याने तो तिथल्या तिथे दुरुस्त केला आणि मग पदक जिंकले. जगातल्या उत्तम रायफलचे असे होते, तर आपल्या रायफलचा नेम दर वेळी तपासायला नको का?

पट्टी ओळखा, कडी ओळखा

माउंट निवडताना पहिली पायरी म्हणजे आपल्या रायफलची पाठ पाहणे. बहुतेक एअर रायफलींच्या पाठीवर दोन बाजूंना तिरकस खाचा असतात आणि मधे अरुंद पट्टी उरते. तिला डव्हटेल म्हणतात. तिची रुंदी बोलीभाषेत ११ मिलिमीटर मानली जाते, पण प्रत्यक्षात ती कारखान्यागणिक दीड-दोन मिलिमीटर कमीजास्त असते. दुसरा प्रकार रुंद पट्टीचा. तिच्यावर आडव्या खाचा असतात आणि रुंदी सुमारे २१ मिलिमीटर भरते. वीव्हर आणि पिकॅटिनी ही नावे याच प्रकारातली. एकाचे माउंट दुसर्‍यावर बसत नाही. म्हणून मागवण्याआधी व्हर्निअर कॅलिपरने, तो नसेल तर निदान पोलादी पट्टीने माप घ्यावे.

दुसरे माप दुर्बिणीच्या नळीचे. ती २५.४ मिलिमीटर म्हणजे एक इंचाची असते, नाहीतर ३० मिलिमीटरची. काही मोठ्या दुर्बिणी ३४ च्याही मिळतात. इंचाच्या दुर्बिणीला ३० चे कडे घेऊन मधे रबराची पट्टी भरायची, हा उद्योग करू नये. रबर दबते आणि नेमही त्याच्याबरोबर हलतो.

तिसरे माप उंचीचे. दुर्बिणीचे पुढचे भिंग मोठे असेल, तर तिचे तोंड नळीला टेकता कामा नये. ५० मिलिमीटरच्या भिंगाची दुर्बीण बाहेरून ५६-५८ मिलिमीटर भरते. म्हणजे तिची निम्मी जाडी २८-२९ मिलिमीटर, अधिक बंदुकीच्या नळीची निम्मी जाडी, अधिक पोस्टकार्ड सहज सरकेल एवढी फट. एवढा हिशेब करून माउंटची उंची ठरवावी. काही हवाबंद टाकीच्या रायफलींत छर्‍यांचे चाक पाठीच्या वर डोकावते. तिथे माउंट आणखी उंच लागते. पण गरजेपेक्षा उंच घेऊ नये. गाल दस्त्यावर नीट टेकला नाही, तर मान उचलावी लागते, आणि उचललेली मान दर वेळी वेगळ्या जागी थांबते.

स्प्रिंगच्या रायफलीचा उलटा धक्का

आता एअर रायफलचे एक खास वैशिष्ट्य. लोकांना वाटते, छर्‍याच्या बंदुकीला धक्का तो कसला! साध्या दुर्बिणीने भागेल. पण स्प्रिंगच्या एअर रायफलचा धक्का काडतुसाच्या बंदुकीपेक्षा विचित्र असतो. चाप ओढला, की आतला जड दट्ट्या वेगाने पुढे धावतो आणि रायफल मागे रेटली जाते. लगेच तो दट्ट्या पुढच्या दाबलेल्या हवेवर आपटून थांबतो, आणि रायफल झटक्याने पुढे जाते. एकाच क्षणात दोन उलट दिशांचे धक्के. काडतुसाच्या बंदुकीसाठी केलेल्या दुर्बिणीला फक्त मागे जाणारा धक्का सोसण्याची सवय असते. पुढच्या झटक्याने तिच्या आतले भिंग आणि नेमाची रेघ सैल होऊ शकते. आणि बंदूक पुढे उडी घेते तेव्हा जागच्या जागी राहू पाहणारी दुर्बीण माउंटसकट पट्टीवर मागे मागे सरकत जाते.

म्हणून स्प्रिंगच्या रायफलला शक्यतो एकसंध माउंट घ्यावे, म्हणजे पुढचे आणि मागचे कडे एकाच पायावर असलेले. त्याला पट्टीवर चार किंवा सहा स्क्रूंची पकड मिळते. त्यात अडवणारी खुंटीही असावी. ही लहानशी पोलादी पिन पट्टीवरच्या भोकात उतरते आणि माउंटला मागे सरकू देत नाही. रायफलवर भोक नसेल, तर खुंटी पट्टीच्या पुढच्या टोकाला टेकवतात. दुर्बीणही 'एअरगनसाठी' असे स्पष्ट लिहिलेली घ्यावी.

आधीच हवा भरून ठेवलेल्या टाकीच्या रायफलला असा धक्का जवळजवळ नसतोच. तिथे दोन सुटी कडी चांगली चालतात. ती वजनाने हलकी आणि पुढेमागे लावायला सोयीची असतात.

छर्रा खाली येतो त्याचे काय?

लांब पल्ल्याची खरी अडचण इथे सुरू होते. छर्रा नळीतून सुटल्याच्या क्षणापासून खाली पडू लागतो. अर्ध्या ग्रॅमहून किंचित जड छर्रा सेकंदाला २४० मीटर वेगाने सुटला असे धरू. हवेचा अडथळा हिशेबात घेतला नाही, तरी तो २५ मीटरवर ५ सेंटिमीटर, ५० मीटरवर २१ सेंटिमीटर आणि १०० मीटरवर ८५ सेंटिमीटर खाली येतो. अंतर दुप्पट झाले की घसरण चौपट. प्रत्यक्षात हवा वेग खाते, म्हणून घसरण याहून बरीच जास्त असते.

ही घसरण भरून काढायला दुर्बिणीवर फिरवायचे बटण असते. त्याचे माप अंशाच्या साठाव्या भागात, म्हणजे मिनिटांत सांगतात. एक मिनिट म्हणजे १०० मीटरवर सुमारे २.९ सेंटिमीटर. एखाद्या दुर्बिणीची एकूण धाव ६० मिनिटांची असेल, तर मधोमधपासून वर जायला तिच्याकडे ३० मिनिटे असतात. ८५ सेंटिमीटर भरून काढायला त्यातली २९ संपली, आणि हवेचा अडथळा अजून हिशेबात यायचाच आहे! बटण शेवटाला टेकते आणि छर्रा तरी खालीच लागतो. शिवाय मोडून भरायच्या स्प्रिंग रायफलींची नळी बर्‍याचदा किंचित खाली झुकलेली असते. त्यांची दुर्बीण तर पंचवीस मीटरलाच हात टेकते.

यावर उपाय माउंटमध्येच आहे. मागची बाजू किंचित उंच केलेले उतरते माउंट मिळते. २० मिनिटांचा उतार असलेले माउंट लावले, तर दुर्बीण मधोमध ठेवूनच १०० मीटरवर ५८ सेंटिमीटरची भरपाई पदरात पडते आणि बटणाची सगळी धाव शिल्लक राहते. उतार कमीजास्त करता येणारी कडीही मिळतात. पंचवीस-तीस मीटरच्या पुढे जायचेच नसेल आणि नळी झुकलेली नसेल, तर यांची गरज नाही. मागच्या कड्याखाली फिल्मचा तुकडा घालण्याची जुनी युक्ती काही जण करतात. तुकडा पातळ असेल तर तात्पुरते निभावते. जाड झाला, की दुर्बिणीची नळी वाकते.

आणखी एक गोष्ट. रायफल बाजूला कलली, की छर्रा खालीही जातो आणि आडवाही. पाच अंशांचा कल डोळ्याला कळतसुद्धा नाही. पण त्याने ५० मीटरवर जवळजवळ २ आणि १०० मीटरवर साडेसात सेंटिमीटर इतका छर्रा बाजूला जातो. म्हणून लांब पल्ल्यासाठी माउंटवर पाण्याच्या पातळीची बारीक नळी लावतात. गवंड्याच्या पातळीत असते तसलीच, फक्त छोटी.

बसवण्याची रीत

उत्तम माउंट चुकीचे बसवले तर निकृष्टासारखेच वागते. पट्टी आणि कड्यांची आतली बाजू स्पिरिटने पुसून तेल काढून टाकावे. आधी माउंटचा पाया पट्टीवर घट्ट करावा. मग दुर्बीण खालच्या अर्ध्या कड्यांत ठेवून पाहावी. ती दोन्हींत सहज, न डुगडुगता बसली पाहिजे. दाबून बसवावी लागत असेल, तर कडी एका रेषेत नाहीत असे समजावे. नंतर रायफल खांद्याला लावून, डोळे मिटून गाल टेकवावा आणि डोळे उघडावेत. पूर्ण गोल चित्र दिसेपर्यंत दुर्बीण पुढेमागे करावी. डोळ्यापासून साधारण आठ-नऊ सेंटिमीटरवर ती जागा मिळते.

वरची कडी लावताना दोन्ही बाजूंच्या फटी सारख्या ठेवाव्यात आणि स्क्रू आलटून-पालटून, थोडे थोडे, सायकलच्या चाकाच्या आर्‍या आवळतो तसे आवळावेत. कितपत आवळायचे, हे बनवणार्‍याने दिलेल्या आकड्यावर ठरवावे. बहुतेकांचा आकडा दोन न्यूटन-मीटरच्या आसपास असतो. म्हणजे छोट्या अॅलन चावीची आखूड बाजू बोटांत धरून जमेल तेवढेच. पान्याला पाइप लावून जोर केला, तर दुर्बिणीची नळी चेपते आणि आतले बटणाचे काम अडकते. वरून दिसत काही नाही, पण नेम कायमचा बिघडतो.

शेवटी कडे आणि पट्टी यांवरून पेनाने एक बारीक रेघ ओढावी. पुढे कधी नेम हलल्यासारखा वाटला, तर आधी ही रेघ पाहावी. ती तुटलेली दिसली, तर दोष माउंटचा. अखंड असेल, तर दुर्बीण, छर्रे आणि आपला हात तपासावा. पूर्व विदर्भात हे विशेष जपायला हवे. इथे उन्हाळ्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो आणि हिवाळ्यात १० च्या खाली उतरतो. अॅल्युमिनियम पोलादाच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावते. अॅल्युमिनियमचे कडे आणि पोलादाची पट्टी असेल, तर ऋतू बदलला की स्क्रू पुन्हा तपासावेत आणि नेम पुन्हा लावावा.

लक्ष्याच्या मागे काय आहे?

एवढे सगळे नीट केल्यावर जे हातात येते, ते खेळणे राहत नाही. पन्नास मीटरवर नाण्याएवढ्या ठिपक्यावर लागणारा छर्रा डोळ्यावर लागला तर डोळा जातो, आणि न अडलेला छर्रा तीन-चारशे मीटरपर्यंत जाऊ शकतो. दरेकसा-सालेकसाच्या रानात मार्च-एप्रिलमध्ये पहाटे मोहफुले वेचणार्‍या बायाबापड्या वाकलेल्या असतात. मे महिन्यात तेंदूपत्त्याला अख्खी कुटुंबे जातात. हाजरा फॉलला सहली येतात, कचारगडला माघ पौर्णिमेला मोठी यात्रा भरते. या भागात झुडपामागे कोणी नाही असे कधीच धरता येत नाही. म्हणून लक्ष्यामागे मातीचा उंच बांध किंवा वाळूच्या गोणी असल्याशिवाय चापाला बोट लावू नये.

कायदाही समजून घ्यावा. २०१६ च्या शस्त्र नियमांप्रमाणे ४.५ मिलिमीटरपर्यंतच्या आणि २० जूलपर्यंत ऊर्जेच्या एअर रायफलला परवाना लागत नाही. यांतली एकही मर्यादा ओलांडली, तर लागतो. पण परवाना लागत नाही म्हणजे कुठेही चालवायची मुभा आहे असे नव्हे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात शस्त्राची व्याख्या प्राण्याला इजा करू शकणार्‍या कोणत्याही साधनापर्यंत जाते आणि अभयारण्यात परवानगीशिवाय शस्त्र नेता येत नाही. हा सीमेवरचा, वर्षानुवर्षे पोलीस बंदोबस्तात राहिलेला मुलूख आहे. रायफल उघडी खांद्याला अडकवून हिंडण्यापेक्षा ती पेटीत बंद, बिलाच्या प्रतीसह न्यावी.

आणि पाखरे? राज्यातल्या उरल्यासुरल्या सारस पक्ष्यांचे मुख्य घर गोंदियाची धानाची शेते आणि तळी आहेत. होला असो, तितर असो की सारस, "नेम पाहतो" म्हणून सोडलेला एक छर्रा पाखराला लगेच मारत नाही. ते जखमी होऊन कुठेतरी बांधाआड मरते. अरुणाचल प्रदेशात २०२१ मध्ये सरकारने एअरगन जमा करण्याची मोहीम सुरू केली, ती जंगलातली पाखरे संपू लागली म्हणूनच. तिथे लोकांनी आपापल्या बंदुका स्वतः आणून दिल्या. आपल्याकडे ती वेळ येऊ नये, ही जबाबदारी नेमबाजीचा छंद असणार्‍यांचीच आहे.

तेव्हा खरेदीला निघताना क्रम असा ठेवावा. आधी सुरक्षित जागा, मग रायफल, मग तिच्या पाठीचे माप, मग त्या मापाचे चांगले माउंट, आणि उरलेल्या पैशांत दुर्बीण. लोक याच्या बरोबर उलटे करतात. साधी दुर्बीण भक्कम माउंटवर पाच छर्रे एका ठिकाणी पाडू शकते. ढिल्या माउंटवरच्या महागड्या दुर्बिणीतून मात्र फक्त चुकलेले छर्रे अधिक स्पष्ट दिसतात.